फाटलेली पोटरी

माथेरानच्या चढावर हातरिक्षा ओढताना पाठीमागून कुणी धोंडा मारावा तशी दशरथच्या पोटरीत कळ उठली आणि तो मटकन खाली बसला. रिक्षातले गलेलठ्ठ साहेब नेमके हाडांचे डॉक्टर निघाले. ते लगेच उतरले, पोटरी दाबून बघितली, पाऊल वर-खाली केलं, मोबाइलवर फोटोही काढले.

"स्नायू फाटलाय. चोळू नकोस, बर्फ लाव. महिनाभर या पायावर भार टाकायचा नाही, कळलं?"

"हां सायेब." दशरथला भरून आलं. एवढा मोठा डॉक्टर त्याचा धुळीनं माखलेला पाय मांडीवर घेऊन बसला होता!

 

तेच हात सॅनिटायझरनं खसाखसा चोळून साहेब पुन्हा रिक्षात चढले. "चल, आता सावकाश ओढ. हॉटेलात याच विषयावर माझं भाषण आहे."