माको

तणनाशक फवारायचा पंप धोंडूने पाठीवर चढवला, तशी फेलिसिदाद बांधावरच्या पिवळ्या फुलांत सरळ मांडी घालून बसली. सत्तरी उलटलेली बाई, पण बसली ती अशी, की उठवायला चार गडी लागले असते. खाडीकाठचा हा बांध तिचा, आणि या पिवळ्या फुलांच्या वेलानेच तो धरून ठेवलेला. वेल गेला की बांध गेला, आणि बांध गेला की भातात खारं पाणी.

"आजी, उठा," तालुक्याच्या शेती कार्यालयातून आलेला कौस्तुभ म्हणाला. "हे विदेशी तण आहे, नष्ट करायच्या यादीत आहे. आपला देशी वेल असता तर हातही लावला नसता. देशी म्हणजे पिवळा माका."

"तुका?" फेलिसिदाद म्हणाली. "तुका व्हयो तर सरळ माग. मारतंस कित्याक?"

तिच्या बोलीत माका म्हणजे मला; धोंडू तोंड फिरवून हसला. कौस्तुभचे कान लाल झाले. "मला नको हो. माका हे वेलाचं नाव आहे."

"मगे माको म्हण. आणि ह्यो माकोच आसा."

"फोनमधलं ॲप तर विदेशी सांगतंय."

"फोनान पान हातात घेतल्यान काय?" तिने एक पान खुडून त्याच्या मनगटावर घासलं. "खरखरता मा? आता दाखय तुझो फोन."

फोनवरच्या विदेशी वेलाच्या फोटोतलं पान तुकतुकीत, त्याला तीन ठळक फाटे. बांधावरचं अरुंद, लांबट, कडेला जेमतेम दाते. फुलं दोन्हीकडे पिवळी, पण इथली बटणाएवढी. कौस्तुभ खाली बसला. दहा पानं उलटून पाहिली, अकरावंही पाहिलं. एकालाही फाटे नव्हते. शिकलेलं सगळं फोनच्या हवाली केलं की माणसाचं असं होतं.

"बारा म्हयने हंयच असता ह्यो," ती म्हणाली. "माझ्या सासयेच्या आधीपासून."

"चुकलं आजी," तो हळू आवाजात म्हणाला. "पण औषध कालवून झालंय. कुठेतरी फवारलंय असं दाखवावं लागेल."

फेलिसिदाद झगा झाडत उठली. "मगे चल. फोटोतलो तुझो तीन फाट्यांचो पंचायतीच्या दारात आसा. झेंड्याच्या भोवतीन, शोभेक लावल्यानी."

"तिथे?" कौस्तुभ चाचरला. "तिथे सरपंचांना विचारावं लागेल."

"आणि माझ्या बांधार चढताना कोणाक इचारलंस?"