एक छेद चार

"पुन्हा चुकलीस," म्हणत आईने पुठ्ठ्याचा तुकडा ठमीच्या हातातून काढून घेतला.

ठमीला रडूच फुटलं. म्हणे खेळ! खेळ कसला, डोक्याला ताप नुसता. फासा टाकायचा, त्यावर जो अपूर्णांक येईल तेवढा तुकडा उचलायचा आणि आपली चकती भरायची. एक छेद चार आलं की ठमी हटकून सगळ्यात मोठा तुकडा उचलायची. चार मोठे ना दोनापेक्षा! मग एक छेद चारही मोठंच असणार. या एका गोष्टीपायी तिने आईच्या नाकी नऊ आणले होते. यंदा आपण नापास होणार, याची तिला स्वतःलाच खात्री वाटू लागली होती.

खिडकीशी आजोबा बसले होते; आईखेरीज घरात मोठं माणूस ते एकटेच. त्यांचे हात थरथरायचे, डोळे जवळजवळ गेलेच होते, जीभ तेवढी शाबूत होती. "सूनबाई, पोरीला जरा सोड. अशाने तिचा पार भुगा होईल."

"तिला आलंच पाहिजे, बाबा."

पूर्वी आई अशी नव्हती. दवाखान्यात कंपाउंडर होती तेव्हा हसत घरी यायची, आल्या आल्या धाकट्याला कडेवर घ्यायची. आता घरीच शिवणकाम करायची, आणि गेला आठवडाभर तर तिने मशीनही झाकून ठेवलं होतं. हात धुऊन ठमीच्या मागे लागली होती. आधी पुठ्ठा झाला, मग रंगीत मातीच्या चकत्या दोऱ्याने कापून झाल्या. डोक्यात मात्र अंधारच.

"बाई म्हणाल्या, परीक्षेला अजून खूप वेळ आहे," ठमी मुसमुसत म्हणाली.

"सोमवारच्या आत आलं पाहिजे."

"सोमवारी काय आहे?"

आईने आत जाऊन झोपलेल्या धाकट्याचं पांघरूण सारखं केलं आणि येताना पेपरमिंटच्या गोळ्या आणि छोटी सुरी घेऊन आली.

"एका गोळीतली मला एक छेद दोन दे. दुसरीतली एक छेद चार."

ठमीने जपून कापलं. दोन्ही तुकडे आईच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले आणि बघतच राहिली.

"अय्या! एक छेद चार एवढासाच?"

"एवढासाच."

"म्हणजे वाटेकरी जास्त, तर वाट्याला कमी!"

"पेटला एकदाचा दिवा!" आजोबांनी टाळी वाजवली. मग चष्मा काढून उगाच पुसत बसले.

आता आई जवळ घेईल, असं ठमीला वाटलं. पण आईने नवी गोळी पुढे ठेवली. "पुन्हा काप. चुरा होता कामा नये." मग आणखी एक. आईचा चेहरा पाहून ठमीला भीती वाटू लागली, तरी ती कापत राहिली. शेवटी चारही तुकडे अगदी सारखे झाले.

तेव्हा कुठे आईने कपाटातून धाकट्याच्या फिट्सच्या गोळ्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. "सकाळी एक छेद दोन, रात्री एक छेद चार. आजोबांना कापता येत नाहीत, म्हणून तूच द्यायच्यास. दवाखान्यात एका बाळाला मी एक छेद चारऐवजी अख्खी दिली होती, ठमे. ते गेलं. सोमवारी मला तुरुंगात हजर व्हायचंय."