गळ्यातली किल्ली

रक्ताचे नमुने मी पुन्हा फ्रीजबाहेर विसरले आणि प्रयोगशाळेच्या साहेबांनी शेवटची ताकीद दिली. त्याच संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञांचा दवाखाना गाठला. “एडीएचडी वाटतोय, लक्ष टिकत नाही तो विकार. लहानपणापासून असतो, म्हणून तुमचं लहानपण पाहिलेलं कुणीतरी आणा,” डॉक्टर म्हणाल्या. आज आईला ओढून आणलं. बसता बसताच तिने निकाल लावला, “हिला काही झालेलं नाही. वेंधळी आहे, एवढंच. रोज किल्ली हरवायची, म्हणून गळ्यात बांधली. यात कसला आलाय आजार? आमच्याकडे सगळ्या बायका अशाच!” पुरावा म्हणून तिने स्वतःच्या गळ्यातली दोरी ओढून किल्ली दाखवली. “मी नाही निभावलं?” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “निभावता निभावता दमलात का हो?” आईने किल्ली हळूच पदराआड सरकवली. मी संधी सोडली नाही. “डॉक्टर, आईचीही वेळ लिहा.” आई खाकरली. “दोघींची एकाच दिवशी लिहा. वेगळ्या दिवशी मी विसरेन.”