मॅग्नेशियमचं पाणी
मुलांनो, कल्पना करा, एकाच घरातले आजोबा आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दोघांचे निरोप तुम्हालाच पोचवावे लागतात. ब्राच बेटावरच्या पेरिनाचं तसंच झालं होतं. बाबांनी ऑलिव्हची बाग हॉटेलवाल्याला विकली, तेव्हापासून आजोबांनी अबोला धरला होता. त्या दुपारी जेवताना आजोबांच्या पोटरीत पेटका आला आणि ते टेबलाला धरून कण्हू लागले. बाबांनी मॅग्नेशियमची गोळी पाण्यात टाकली आणि फसफसणारा ग्लास पेरिनाकडे दिला. “तुझ्या आजोबांना दे.” “त्याला सांग, माझी झाडं विकून आणलेलं औषध मला नको.” “मग विचार त्यांना, झाडं येणार होती का पाय चोळायला?” “आली असती म्हणावं. ती पोटच्या पोरापेक्षा बरी.” पेरिनाने ग्लास बेसिनमध्ये ओतला आणि रिकामाच आजोबांच्या हातात दिला. “दुसरा हवा तर तुमच्या मुलाकडे तुम्हीच मागा.”