मधली आठी

“बाकीच्या राहू द्या. फक्त ही मधली घालवा,” म्हणत बाईंनी दोन भुवयांच्या मध्ये बोट टेकवलं.

त्वचेची डॉक्टर त्यांच्या लेकीच्याच वयाची होती. तिनं दिवा जवळ ओढून चेहरा नीट पाहिला. डोळ्यांच्या कडेच्या, गळ्यावरच्या बारीक सुरकुत्यांसाठी तिनं रात्री लावायचं मलम लिहून दिलं, उन्हात जाण्याआधी लावायचं क्रीम सांगितलं. ही आठी मात्र खोल होती. तिला इंजेक्शनच लागणार होतं.

“भुवया आवळणारा स्नायू सैल पडतो. पंधरा दिवसांत कपाळ सपाट होईल. मग तीनेक महिने मनात आणलंत तरी आठी पडायची नाही.”

बाईंना एवढंच हवं होतं.

काय काम करायचात, असं डॉक्टरनं विचारलं. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, असं बाईंनी सांगितलं. मग बारीक अक्षरं वाचून वाचूनच पडली असेल, असं डॉक्टर म्हणाली. बाईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. आठी स्वभावाची होती, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. त्यांची चाहूल लागली की जिन्यात खेळणारी पोरं चिडीचूप होत. नवरा होता तेव्हा म्हणायचा, हिच्या आठीत पोस्टकार्ड खोचलं तर वाऱ्यानंही पडायचं नाही.

आणि लेक. अकरा वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न ठरवलं, तेव्हा बाईंनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. नुसतं तिच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी लेक बॅग भरून गेली ती गेलीच. या एका कपाळापायी पोटची पोर तुटली, हे बाईंनी मनाशी कधीचं पक्कं केलं होतं.

आता तिचा फोन आला होता. वीस तारखेला येते, म्हणाली होती, तासाभरासाठी.

इंजेक्शन घेतल्यापासून बाई रोज सकाळी आरशासमोर उभ्या राहून मुद्दाम चिडून बघत. बाराव्या दिवशी कपाळ हललंच नाही. इस्त्री फिरवलेल्या अभ्र्यासारखं गुळगुळीत. इतकं सोपं होतं, तर इतकी वर्षं आपण काय करत होतो, या विचारानं त्यांना दिवसभर चैन पडलं नाही.

वीस तारखेला लेक आली. वाळली होती, कानाजवळ केस पिकले होते. बाईंनी ठरवून ठेवलं होतं, मध्ये बोलायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही. वाकडा शब्द जाण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

चहाला हातही न लावता लेक सांगू लागली. सहा वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली होती. जन्मापासूनच हृदय अधू. आठ महिने हॉस्पिटलचे हेलपाटे घातले आणि एका सकाळी सगळं संपलं. आईला कळवावं की नाही, या विचारातच पुढची वर्षं गेली.

आपल्याला नात होती आणि ती गेलीही, हे बाईंना आत्ता कळत होतं. पण चारचौघींसारखं रडणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि लेकीकडे बघत राहिल्या.

लेक त्यांच्या कपाळाकडे टक लावून बघत होती. तिला फरक दिसला, असं बाईंना वाटलं. त्या दुःखातही जीव जरा निवला.

लेक उठली. तिनं पर्स खांद्याला लावली.

“लहानपणी मला ताप आला की तू तोंडानं कधी काही बोलायची नाहीस,” ती म्हणाली. “तुझ्या कपाळावर ती आठी पडायची, आणि मला कळायचं, आईचा जीव माझ्यासाठी तुटतोय. आज तेवढीच बघायला आले होते.”