गळ्याइतक्या पाण्यात

लाट घोट्याला लागली आणि कोरीन दोन पावलं मागे सरकली.

"अगं, ती लाट नव्हती!" पाण्यातून आयान्थीमावशी ओरडल्या. "समुद्राला जांभई आली नुसती. ये पुढे!"

मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. डोक्यावर गवती टोपी, अंगात फुलाफुलांचा जुना झगा, आणि गळ्यापर्यंत पाणी. त्यांच्या बाजूला उभे ऑरव्हिलकाका, पूर्वी बस चालवायचे, अंगानं काडी. उजाडायच्या आधी दोघं रोज इथं येणार, जागच्या जागी पाण्यात पावलं टाकणार आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवणार. बार्बाडोसमधली म्हातारी माणसं एक वेळ औषध चुकवतील, पण पहाटेचा समुद्र नाही.

कोरीन चव्वेचाळीस वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचा भात शिजवायची. समुद्रापासून पाच मिनिटांवर जन्मली आणि घोट्याच्या वर कधी भिजली नाही. समुद्राला मागचं दार नसतं, आत ओढलं गेलं की सुटका नाही, असं आईनं लहानपणापासून बजावलेलं.

पण डॉक्टरनंही बजावलं होतं. नारळाचा पाव आणि साखरेची सरबतं बंद करून तिनं बावीस पौंड उतरवले, ते खरं. मग काटा जो अडला तो अडलाच. अजून तीस उतरले तरच गुडघ्यांचं ऑपरेशन, नाहीतर वर्षभरात चाकाची खुर्ची. चालायला जावं, तर फाटकापर्यंतच गुडघे दुखून येत. उरलं पाणी.

"काका," ती काठावरूनच म्हणाली, "मी बुडायला लागले तर तुम्ही मला धराल ना? मला पोहता येत नाही."

"मलाही नाही."

"काय?"

"चाळीस वर्षं नुसता उभा राहतोय मी इथं. पोहतात ते पर्यटक."

कोरीननं मावशींकडे पाहिलं. मावशींनी टोपी नीट केली. "माझ्याकडे काय बघतेस? मी तर डोकंसुद्धा ओलं करत नाही."

म्हणजे वाचवणारं कुणीच नव्हतं. परत फिरावं म्हणून तिनं मान वळवली. सुरूच्या झाडांपलीकडे रस्त्यावर चढायच्या सहा पायऱ्या होत्या. मघाशी त्या उतरताना तिला तीनदा थांबावं लागलं होतं.

ती पुढे झाली.

पाणी पोटरीला लागलं, मग मांडीला. कमरेपर्यंत आलं तसा झगा फुगून छत्रीसारखा वर आला आणि ती दोन्ही हातांनी तो खाली दाबत राहिली, जणू तोच तिला ओढून नेणार होता. मावशींनी एक हात धरला, काकांनी दुसरा. पाणी छातीशी आल्यावर श्वास अर्ध्यातच तुटायला लागला.

"आता पाय उचल. एक, मग दुसरा. जिन्यावर चढतेस तसे," मावशी म्हणाल्या.

"किती वेळ?"

"आजची यादी संपेपर्यंत," काका म्हणाले.

"कसली यादी?"

"रेडिओवरच्या निधनवार्ता. एकेकाबद्दल बोलून झालं की व्यायाम झाला. घड्याळ कोण आणणार पाण्यात? आज चौघं आहेत. पहिली आपली युलाली, बेकरीवाली."

"गेली बिचारी," मावशी पाय हलवत म्हणाल्या. "आणि माझं केकचं भांडं तिच्याकडेच राहिलं!"

"मावशी, दुसरं काहीतरी बोला ना!"

"दुसरं काय बोलायचं? लग्नं का होतायत कुणाची?"

तेवढ्यात एक मोठी लाट आली. फुटली नाही. नुसती फुगली आणि कोरीनला खालून अलगद उचलून घेतलं. पायाखालची वाळू गेली. दोनशे चाळीस पौंडांची कोरीन पाण्यावर तरंगली. ती अशी किंचाळली की काठावरचे पक्षी उडाले. तिनं काकांच्या गळ्याला मिठी मारली.

"सोड, बाई!" काका गुदमरत म्हणाले. "नाहीतर उद्याच्या यादीत मी!"

लाट गेली. पाय पुन्हा वाळूला टेकले, आधी डावा, मग उजवा. कोरीन डोळे मिटून कळ यायची वाट बघत राहिली.

कळ आली नाही.

तिनं उजवा गुडघा थोडा वर घेतला, मग आणखी थोडा. जिन्यावर कुरकुरणारा, रात्री उशी खाली घेतल्याशिवाय झोपू न देणारा तो गुडघा पाण्यात गप्प होता. मावशींचा हात तिनं घट्ट आवळला होता, पण पाय चालले होते. दुसऱ्या माणसाबद्दल बोलून झालं. तिसऱ्याच्या दोन बायका निघाल्या, त्यामुळे बराच वेळ लागला. चौथा संपेपर्यंत कोरीन न थांबता चालली होती. गेल्या दोन वर्षांत ती एवढी चाललीच नव्हती.

"झालं!" काका म्हणाले, आणि काठाकडे निघाले.

मावशीही वळल्या. कोरीन त्यांचा हात धरूनच मागून निघाली. छातीवरून पाणी उतरलं, मग कमरेवरून. ओला झगा अंगाला चिकटला. पाणी मांडीपर्यंत आलं आणि ती थांबली. पाठ, पोट, हात, सगळ्यांचं वजन जसंच्या तसं परत येऊन एकेक करून तिच्या गुडघ्यांवर बसत होतं.

"काय झालं?" मावशींनी विचारलं. "पाणी तर मागे राहिलं. आता कसली भीती?"

कोरीन समोरच्या कोरड्या वाळूकडे बघत होती.

"हात सोडू नका, मावशी," ती म्हणाली.