गुलाबी जर्सीतला कप्तान

“कप्तानसाहेब, आज बाया किती तपासल्या?” मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून हर्षालीनं माईक हिसकावून विचारलंच. कप्तान म्हणजे तिचेच बाबा. स्तनाच्या कर्करोगाच्या जनजागृतीसाठी गावचा कबड्डी संघ दिवसभर गुलाबी जर्सीत खेळला होता. तपासणीसाठी आलेली दवाखान्याची गाडी मात्र एकाही बाईला न तपासता नुकतीच निघून गेली होती. बाबा हसले. “बायायले कुठची सवड? सकाळपासून पाव्हण्यायच्या वरणबट्टीतच हायेत ना!” मैदान खिदळलं. हर्षाली तडक चुलीपाशी आली. “आई, तू तरी जायचं होतं!” आई कणीक तिंबतच म्हणाली, “मले गाठ हाय पोरी, दिवाळीपासून. तुह्या बाबाले सांगतलं होतं.” मागोमाग आलेले बाबा वरमले. “उद्याची फायनल होऊ दे, मंग नेतोच.” हर्षालीनं आईपुढची परात ओढून बाबांच्या हातात दिली. “उद्याच्या बट्ट्या तुमचा संघ भाजीन. पहाटच्या बसनं मी आईले अकोल्याच्या दवाखान्यात नेतो.”